किनाऱ्याच्या सोबतीने कला : एकत्र काम करणाऱ्या कलावंतांनी आधी काय ठरवावे?

निळी शाई (मूळ लेखन)

समुद्रकिनारा हा विषय घेऊन आम्ही काही कलावंत एक सामाईक काम उभे करण्याच्या विचारात आहोत. आमच्यात छापचित्रे करणारे आहेत, विणकाम करणारे आहेत, मातीत काम करणारे शिल्पकार आहेत आणि लाटांचे व खडकांमधल्या पाण्याचे आवाज ध्वनिमुद्रित करणारेही आहेत. प्रत्येकाच्या मनातला किनारा वेगळा आहे, आणि आतापर्यंतच्या बैठकांत साहजिकच आकाराचीच चर्चा झाली : लाटेचा आकार घ्यावा की शंखाचा, काम किती मोठे असावे, ते दालनात मांडावे की थेट पुळणीवर. मला असे वाटू लागले आहे की हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. पर्यावरणीय म्हणवणाऱ्या कलेत साहित्य कुठून येणार, किनाऱ्यावरून काय उचलले जाणार, काम संपल्यावर त्याचे काय होणार आणि हे सर्व कोणाच्या संमतीने होणार, हे आधी ठरले पाहिजे. आकार त्या उत्तरांतून यावा. एकट्याने काम करणारा कलावंत असे निर्णय वाटेत बदलू शकतो, पण अनेक जण एकत्र आले की जे बोलून ठरलेले नसते ते प्रत्येक जण आपापल्या सवयीने गृहीत धरतो, आणि त्या गृहीतांचा भार शेवटी किनाऱ्यावर पडतो.

माझ्या, म्हणजे छापचित्रांच्या, माध्यमातले एक जुने काम मला या बाबतीत मार्ग दाखवते. ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ मध्ये समुद्रशैवालांची सायनोटाइप चित्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. छपाईची ही पद्धत शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी आदल्याच वर्षी शोधली होती. लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर शैवाल ठेवायचे, त्याला ऊन द्यायचे आणि मग कागद पाण्यात धुवायचा. शैवालाखाली झाकलेला भाग पांढरा राहतो आणि उरलेला कागद गडद निळा होतो. शैवालाची जात नेमकी ओळखता यावी हा त्यांचा उद्देश होता, तरी त्या पानांचे सौंदर्य आजही ओसरलेले नाही. या पद्धतीतून मी एवढे घेतले आहे की चित्रासाठी वस्तूची सावली पुरते, वस्तू घरी नेण्याची गरज नसते.

ज्यांनी असे सामाईक काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी साहित्य, श्रेय आणि कामाचा शेवट या गोष्टी कशा ठरवाव्यात याबद्दल लिहावे, ही विनंती.

सुईदोरा (प्रतिसाद)

विणकाम करणारे आपल्या गटात आहेत म्हणून क्रोशाने विणलेल्या प्रवाळ बेटांविषयी लिहिते. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हे काम सुरू केले. त्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ ज्या किनाऱ्यालगत आहे तिथल्या. त्यांच्या कामाचा पाया गणितात आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेले तर विणलेला पृष्ठभाग आपोआप चुण्या घेऊ लागतो आणि अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमितीचा, म्हणजे सपाट न राहता सतत वळत जाणाऱ्या पृष्ठभागाच्या भूमितीचा, हाताळता येईल असा नमुना तयार होतो. अनेक प्रवाळांच्या, समुद्री गोगलगायींच्या आणि शैवालांच्या कडांना अशाच चुण्या असतात. वर्थाइम भगिनींनी तो नियम हातात घेतला आणि मग मुद्दाम मोडला : टाके कमी-जास्त अंतराने वाढवले, धागे बदलले, काही ठिकाणी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या विणल्या. नियमात थोडी अनियमितता आली तेव्हा त्या आकारांत सजीवपणा आला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची रचना. मध्यवर्ती बेटे मोजक्या विणकरांच्या हातची आहेत आणि त्याखेरीज वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांनी आपापली बेटे विणली. जर्मनीतल्या बाडेन-बाडेन इथे २०२२ मध्ये मांडलेल्या अशा बेटात सुमारे ४,००० लोकांनी विणलेले सुमारे ४०,००० प्रवाळ होते. नियम सगळ्यांना सारखाच मिळतो, पण त्याचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि विणणाऱ्यांची नावे प्रदर्शनात मांडली जातात. माझ्या मते सामाईक कामाची ही सर्वांत प्रामाणिक रीत आहे. एकाने आराखडा काढायचा आणि बाकीच्यांनी तो भरायचा, याला सहकार्य म्हणणे मला पटत नाही. ती मजुरी आहे, आणि मग तिला मजुरीचा मोबदला व मान दोन्ही मिळाले पाहिजेत.

खडपे (प्रतिसाद)

मी कलावंत नाही. किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास करतो. कलावंतांच्या गटात अभ्यासकाला बहुधा शेवटी बोलावले जाते, काम तयार झाल्यावर, माहितीफलकावर चार ओळी लिहून देण्यासाठी. त्याला पहिल्या बैठकीला बोलवावे, कारण किनाऱ्यावर जे निरुपयोगी आणि विखुरलेले दिसते त्यातले फारच थोडे खरोखर निरुपयोगी असते.

भरतीने आणून टाकलेल्या शैवालाच्या रेषेचेच घ्या. पाहणाऱ्याला ती कुजत पडलेली घाण वाटते आणि कलावंताला फुकटचे साहित्य. पण त्या ओल्या ढिगाखाली वाळूवर उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव राहतात, ते शैवाल खातात, आणि किनाऱ्यावर चरणारे पाणपक्षी त्यांच्यावर जगतात. वाऱ्याने उडालेली वाळू याच ढिगाला अडते आणि तिथे रुजलेल्या वनस्पतींमुळे वाळूची टेकडी आकार घेऊ लागते. ही रेषा उचलून नेली तर पुळण स्वच्छ दिसते, पण उपाशी पडते. म्हणून त्या रेषेतले प्लास्टिक हाताने वेचावे आणि शैवाल तिथेच राहू द्यावे.

शंख-शिंपल्यांचेही तसेच आहे. रिकाम्या शंखांत खेकडे राहतात, त्यांच्यावर शैवाल आणि बारीक जीव चिकटतात, आणि झिजत झिजत तेच वाळूत मिसळतात. स्पेनमधल्या सालोऊजवळच्या एका पुळणीवर १९७८ ते १९८१ आणि २००८ ते २०१० अशा दोन कालखंडांची तुलना झाली. त्या तीस वर्षांत पर्यटकांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली होती आणि शिंपल्यांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले होते. एका माणसाने खिशात घातलेले शिंपले नगण्य असतात, पण शिंपल्यांचे मांडणशिल्प पाहून गेलेला प्रत्येक जण पुढच्या वेळी तेच करू पाहतो, आणि हा परिणाम कलाकृतीच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

खडपी किनाऱ्यावर काम करणार असाल तर अधिक जपावे लागेल. तिथे भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात जीवांचे थर असतात. वरच्या कोरड्या भागात बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), त्याखाली शिंपले, त्याखाली शैवाल, आणि हे थर काही हातांच्या अंतरात बदलतात. लिंपेटच्या, म्हणजे शंकूसारख्या कवचाच्या समुद्री गोगलगायीच्या, अनेक जाती चरून झाल्यावर खडकावरच्या आपल्या ठरलेल्या खाचेत परत येतात. लिंपेटच्या कवचाची कड त्या खाचेत नेमकी बसते, म्हणून ओहोटीत आतला ओलावा टिकतो. दगड उलटा करून ठेवला की त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात वाळतात आणि वरच्या बाजूचे अंधारात गुदमरतात. दगडांवर दगड रचून केलेले मनोरे छायाचित्रात शांत आणि सुंदर दिसतात, पण त्यासाठी उचललेल्या प्रत्येक दगडाखाली एक वस्ती मोडलेली असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचे काम त्या मानाने फार हलके आहे. खडकातल्या डबक्यात पाण्याखालचा मायक्रोफोन अलगद सोडला तर जीवांचे बारीक कडकड आवाज ऐकू येतात, आणि त्यासाठी एकही दगड हलवावा लागत नाही.

उधाण (प्रतिसाद)

खडपे यांचे लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य नाही. शिंपला उचलायचा नाही, शैवाल हलवायचे नाही आणि दगडाला हात लावायचा नाही, असे म्हणत गेलो तर शेवटी किनाऱ्यावर कला करणेच उरणार नाही. काही कामांना भव्यता लागते. क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत दांपत्याने १९६९ मध्ये सिडनीजवळच्या लिटल बे इथला सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा खडकाळ किनारा कापडाने गुंडाळला होता. त्यासाठी सुमारे ९२,९०० चौरस मीटर कापड आणि ५६ किलोमीटर दोर लागला, आणि शंभराहून अधिक लोकांनी मिळून ते काम उभारले. दहा आठवड्यांनी सगळे काढून नेण्यात आले. रोजचा ओळखीचा किनारा झाकला गेल्यावरच त्याच्या कड्यांची घडण लोकांच्या नजरेत भरली, ही लहान गोष्ट नाही. तात्पुरत्या कामाला इतक्या कठोर कसोट्या लावाव्यात का?

खडपे (प्रतिसाद)

उधाण, तात्पुरते हे कोणाच्या मापाने, हा माझा प्रश्न आहे. दहा आठवडे आपल्यासाठी थोडे आहेत, पण भरतीच्या पट्ट्यातल्या जीवाला दिवसातून दोनदा पाणी, हवा आणि ऊन लागते आणि काही जातींचा प्रजननाचा सगळा हंगाम त्या मुदतीत सरतो. ते काम १९६९ चे आहे आणि आजच्या कसोटीने त्याला दोषी ठरवण्यात मला रस नाही. मात्र आज तसेच काम करू पाहणाऱ्याला तो खुलासा पुरणार नाही.

खऱ्या अर्थाने तात्पुरते काम करायचे असेल तर भरतीकडूनच मुदत घ्यावी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (सर्वांत मोठी भरती) येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत लहान भरती) असतो. भांगाच्या दिवसांत ओल्या वाळूवर कोरलेली रेषा उधाणाच्या भरतीपर्यंत कुठवर टिकते, हे आधीच आखता येते. भव्यता हवी असेल तर वाळूत केवळ दाताळ्याने ओढलेली रेखाटनेही शेकडो फूट पसरू शकतात, आणि त्यांत समुद्राला न पचणारे काहीही नसते. फक्त पक्ष्यांची आणि कासवांची घरटी असलेला वरचा पट्टा पूर्णपणे सोडून द्यावा.

चिकणमाती (प्रतिसाद)

मातीचे काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट सुचवतो. किनाऱ्यावर कायमचे काही ठेवायचेच असेल तर ते जिथे माणसाने आधीच काँक्रीट ओतले आहे तिथे ठेवावे. सिडनीत २०१८ पासून समुद्रभिंतींवर खास घडवलेल्या फरशा बसवल्या जात आहेत. सागरी अभ्यासक आणि आरेखनकार यांनी त्या मिळून तयार केल्या. नैसर्गिक खडकात असतात तशा खाचा, कंगोरे आणि पाणी धरून ठेवणारी डबकी त्यांत घडवलेली आहेत, आणि गुळगुळीत भिंतीपेक्षा त्यांच्यावर अधिक जातींचे जीव वस्ती करतात असे आढळले आहे. इथे शिल्पकाराच्या कौशल्याला खरे काम मिळते : खाच किती खोल असावी, सावली कुठे पडावी, ओल किती वेळ टिकावी. आपल्या फरशीवर कोण राहायला आले याची नोंद वर्षानुवर्षे ठेवता येते, आणि शिल्प पूर्ण झाले हे आपण म्हणायचे नसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही लक्षात ठेवावे. ते कलेचे नाही, पण धडा तोच आहे. फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेल किनाऱ्यालगत १९७० च्या दशकात माशांना आसरा मिळेल या हेतूने सुमारे २० लाख जुने टायर समुद्रतळाशी टाकले गेले. त्यांना बांधणारे नायलॉनचे पट्टे तुटले, पोलादी चाप गंजले, टायर सुटे झाले आणि वादळांत जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर जाऊन आदळू लागले. पुढे पाण्याखाली उतरणाऱ्या लष्करी जवानांना ते बाहेर काढण्याच्या कामाला लावावे लागले. हेतूच्या चांगुलपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. बांधणी किती वर्षे टिकेल आणि नाही टिकली तर कोण जबाबदार, याचे उत्तर मात्र आधी ठरलेले नव्हते.

सुईदोरा (प्रतिसाद)

वाहून आलेल्या जाळ्यांविषयी अजून कोणी लिहिले नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कार्पेंटारियाच्या आखातात अराफुरा समुद्रातून तुटलेली, टाकून दिलेली मासेमारीची जाळी मोठ्या प्रमाणावर वाहून येतात आणि त्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अडकून मरतात. तिथल्या मूळनिवासी वनरक्षकांनी ती जाळी काढण्याचे काम हाती घेतले आणि त्यातूनच पुढे जाळ्यांची शिल्पे घडू लागली. टोरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरच्या कलावंतांनी याच जाळ्यांमधून कासवे, मासे आणि शार्क घडवले. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात २०१६ मध्ये त्यांची कामे मांडली गेली होती. लिनेट ग्रिफिथ्स आणि मॅरियन गेमर्स या बाहेरून आलेल्या कलावंतांनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे.

मला या सहकार्याचे मोल वाटते ते त्यातल्या क्रमामुळे. ज्यांचे जगणे त्या समुद्रावर आहे, ज्यांच्या कथांमध्ये आणि कुळांमध्ये कासव आणि शार्क आहेत, ते आधी, आणि तंत्र घेऊन आलेले पाहुणे नंतर. आपण ज्या किनाऱ्यावर काम करू तिथे मासेमारी करणारे, शिंपले वेचणारे, होड्या बांधणारे लोक असतील. त्यांना प्रेक्षक म्हणून उद्घाटनाला बोलावणे पुरेसे नाही. कोणत्या खडकावर कधी जाऊ नये, कोणती जागा पवित्र आहे, कोणत्या महिन्यात किनारा कोणाच्या कामाचा असतो, हे त्यांच्याकडून समजून घेतल्याशिवाय जागा निवडूच नये, आणि त्यांनी नकार दिला तर तो नकार अंतिम मानावा.

उधाण (प्रतिसाद)

वरील प्रतिसाद वाचून माझा आक्षेप बराचसा बदलला आहे, तरी एक भाग कायम आहे. एकमताचा फार आग्रह धरला तर सामाईक काम सौम्य आणि निरुपद्रवी होते. माझ्या मते मतभेद कामाबाहेर मिटवू नयेत, कामातच ठेवावेत. हेलन आणि न्यूटन हॅरिसन या कलावंत दांपत्याने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षे खाजणांवरच्या एका दीर्घ कामावर परिश्रम घेतले. त्याची सुरुवात श्रीलंकेतल्या खाजणांत राहणाऱ्या एका खेकड्यापासून झाली. त्याला टाकीत वाढवता येईल का, यावर त्यांनी सागरशास्त्रज्ञांच्या संगतीत प्रयोग केले. पुढे त्या कामाने घेतलेले रूप म्हणजे दोन पात्रांचा संवाद : एक खाजण घडवू पाहणारा आणि दुसरा साक्षीदार. एक उपाय सुचवतो, दुसरा त्या उपायाची किंमत विचारतो. टाकीतल्या खेकड्यापासून निघालेले ते काम महासागराच्या पाणीपातळीपर्यंत पोहोचते, आणि मला वाटते ते त्या न मिटलेल्या वादामुळेच.

आपल्या गटात खडपे आणि माझ्यासारखे दोघे असतील तर त्यांचा वाद माहितीफलकावर नव्हे, कलाकृतीत दिसू द्यावा.

खडपे (प्रतिसाद)

उधाण, यावर आपले एकमत आहे, आणि आपल्या सूचनेबद्दल आभार.

भव्यतेविषयी एक भर घालतो. समुद्रपातळी हा विषय घेणार असाल तर किनाऱ्यावर काहीही न उभारता फार मोठे काम करता येते. कलावंत ईव्ह मोशर यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि मॅनहॅटन भागांतून समुद्रसपाटीपासून सुमारे दहा फूट उंचीची रेषा खडूच्या निळ्या भुकटीने रस्त्यांवर ओढत नेली. मैदाने आखायचे यंत्र त्या स्वतः ढकलत होत्या आणि थांबून विचारणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होत्या. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, सँडी वादळाचे पाणी त्या रेषेच्या आसपासच्या वस्त्यांत शिरले. स्कॉटलंडच्या नॉर्थ युइस्ट बेटावर पेक्का नित्तूविर्ता आणि टिमो आहो यांनी २०१८ मध्ये इमारतींच्या भिंतींवर प्रकाशाची आडवी रेषा लावली. भरती चढली की संवेदकांमुळे ती उजळायची आणि वादळात पाणी कुठवर येऊ शकेल ते दाखवायची. ज्या कलाकेंद्राच्या परिसरात ते काम होते, त्याच्या वाढीवरच या पाण्याच्या धोक्याने मर्यादा आणल्या आहेत.

निळी शाई (धागाकर्त्याचे उत्तर)

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून आमच्या गटापुढे एक लेखी मसुदा ठेवण्याचे ठरवले आहे. नैसर्गिक वस्तू किनाऱ्यावरून उचलायची नाही; सावली, ठसा, आवाज आणि मोजमाप एवढेच घ्यायचे. सायनोटाइप किनाऱ्यावर उन्हात घेतले तरी कागद तिथल्या पाण्यात धुवायचे नाहीत; धुवणाचे पाणी परत आणायचे, कारण खडकातले डबके म्हणजे कोणाचे तरी घर आहे. जागा निवडण्याआधी तिथल्या लोकांची आणि अभ्यासकांची संमती घ्यायची. श्रेयात सगळ्यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असतील.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. वेचलेले प्लास्टिक आणि जाळी वापरावीत असे विणकाम करणाऱ्यांचे म्हणणे आहे. किनाऱ्यावरून ती काढणे चांगलेच, पण प्रदर्शन संपल्यावर तोच कचरा आम्ही दुसरीकडे नेऊन टाकला तर काय साधले? शिवाय वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले प्लास्टिक हाताळतानाच चुरते.

सुईदोरा (प्रतिसाद)

या प्रश्नाला व्यवहारातले उत्तर आहे. चुरा होऊ लागलेले प्लास्टिक कामात घेऊच नका. ते वेचून बंद पिशवीत भरा आणि कचरा व्यवस्थेकडे द्या, कारण ते घासले किंवा कापले तर त्याचेच बारीक कण पुन्हा वाऱ्यावर आणि पाण्यात जातात. उरलेले वर्गवारी करून ठेवा. मासेमारीची जाळी बहुधा नायलॉन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. बादलीभर गोड्या पाण्यात तुकडा टाकून पाहिला तर नायलॉन बुडते आणि बाकीची दोन तरंगतात, त्यामुळे प्राथमिक निवड तिथेच होते. एका शिल्पात शक्यतो एकाच जातीचा धागा वापरा, म्हणजे पुढे पुनर्वापर करणाऱ्याला ते घेता येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काहीही चिकटवू नका आणि रंगवू नका. गोंद, राळ आणि रंग लागले की कोणताही पदार्थ वेगळा काढता येत नाही. सगळे जोड शिवून किंवा गाठी मारून करा, आणि गाठ अशी निवडा की काम उतरवताना कात्रीशिवाय सुटेल. शिल्पाबरोबर एक वही ठेवा, तिच्यात कोणता तुकडा कोणत्या जातीचा आणि कुठे सापडला ते लिहा, आणि काम कधी उतरवायचे व ते साहित्य कोण स्वीकारणार हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर, पहिला टाका घालण्याआधी नोंदवा. स्वीकारणारे कोणी सापडले नाही, तर त्या वेळी शिल्पाचा आकार कमी करा.